ब्रशचा हात आणि संगणकाचा पडदा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, ‘संगणकावर चित्र काढायला कसे शिकावे’. वर्धापनदिनाला हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु मित्रहो, आपल्या वस्तीतल्या किती घरांची चूल एकेकाळी ब्रशवर पेटत होती, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची सुविचार, एसटीच्या गावांची नावं, निवडणुकीच्या भिंती, जयंतीचे कापडी बॅनर हे सगळं हातानं व्हायचं. कंधारचा पेंटर सायकलला रंगाचे डबे अडकवून लोहा, मुखेड, अहमदपूरपर्यंत जायचा. माळेगावची यात्रा आली की तंबू आणि दुकानांच्या पाट्यांसाठी रात्र-रात्र जागायचा.

साधारण २००० सालानंतर फ्लेक्सची छपाई तालुक्याच्या गावापर्यंत आली. दोन दिवसांची पाटी दोन तासांत निघू लागली. पेंटरचं काम बसलं. काहींनी घरं रंगवायला घेतली, काही पुण्या-मुंबईला गेले. ज्यांनी माऊस हातात धरला ते धंद्यात टिकले. पण झालं काय बघा. ज्याला चित्र येतं तो संगणकाला बिचकतो, आणि जो संगणकावर बसतो त्याला चित्र येत नाही. म्हणून जयंतीचा फ्लेक्स म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला फोटो, त्याखाली पंचवीस कार्यकर्त्यांची तोंडं आणि मागे कसलीतरी चकचकीत नक्षी. दरवर्षी तेच. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की हे दोन हात एकत्र आले पाहिजेत. चित्र येणाऱ्याने यंत्र शिकावं आणि यंत्र येणाऱ्याने चित्र शिकावं.

हे होणारं काम आहे, याला आपल्या महाराष्ट्रातच दाखला आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. १८९० चा जन्म, सुतारकामाच्या घराण्यातले. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकाचे पडदे रंगवायला शिकले. सिनेमा नावाचं नवं यंत्र आलं तेव्हा ‘आपलं काम रंगाचं’ म्हणून ते बाजूला बसले नाहीत. त्यांनी कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. आनंदराव मध्येच वारले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला, आणि त्यांच्या कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. नेपथ्यातली त्यांची नजर पडदे रंगवताना तयार झालेली होती. यंत्र नवं होतं, नजर जुनीच होती.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू. फ्लेक्सच्या दुकानात बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ असतं. ते कॅनडातल्या कंपनीने १९८९ साली काढलं. ते विकत घ्यावं लागतं. पण इंकस्केप नावाचं त्याच धर्तीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ब्रशने रंगवल्यासारखं चित्र काढायचं असेल तर क्रिता हेही फुकट आहे. ज्याच्याकडे संगणक नाही त्याने मोबाइलवर आयबिस पेंट घेऊन बोटाने सुरुवात करावी. तेव्हा पैसे नाहीत ही अडचण आता पहिल्या पायरीवर तरी उरलेली नाही.

सॉफ्टवेअर उघडलं की माणूस घाबरतो. चहूबाजूंनी बारीक-बारीक चित्रं, इंग्रजी नावं, एक दाबलं की दहा खिडक्या उघडतात. अशा वेळी सगळं शिकायला जाऊ नये. सुरुवातीला सहा हत्यारं पुरतात. वस्तू उचलायचा बाण, चौकोन, गोल, वळणाची रेघ ओढणारा पेन, अक्षरं आणि रंग भरणं, एवढीच. पेंटरच्या पेटीत तरी पहिल्या वर्षी किती ब्रश असतात? आणि एक गोष्ट ब्रशवाल्याला कधी मिळाली नव्हती ती इथे आहे. कंट्रोल आणि झेड दाबलं की केलेलं पुसतं. तेव्हा बिघडेल म्हणून भिण्याचं कारण नाही.

या सहांत अवघड एकच, तो वळणाचा पेन. तिथेच निम्मी पोरं सोडून देतात. तो समजून घेऊ. १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये मोटारीच्या पत्र्याचं वळण नेमकं कसं सांगायचं, हा प्रश्न इंजिनिअरांपुढे होता. सित्रोएन कंपनीतले द कास्तेल्झो आणि रेनो कंपनीतले पिएर बेझिए यांनी आपापल्या जागी त्याचं गणित बसवलं. सित्रोएनने आपलं काम गुप्त ठेवलं, म्हणून नाव बेझिएचं झालं. वळण सांगायला त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू लागत नाही. सुरुवात, शेवट आणि दोन्ही टोकांना रेघ कोणत्या दिशेला किती ओढायची, एवढं सांगितलं की पुरतं. लवचिक कामटी दोन्ही टोकांना धरून वाकवावी तसं ते आहे. पडद्यावर बिंदूला जे दोन कान फुटतात, ते म्हणजे कामटी धरलेले हात. कान लांब ओढला तर वळण फुगतं, आखूड केला तर बसतं.

आता तीन पाठ सांगतो. ते आपल्या विहारातल्याच वस्तूंचे आहेत, म्हणजे नमुना शोधायला कुठे जायला नको.

पहिला पाठ आपला पंचरंगी धम्मध्वज. हा १८८५ साली कोलंबोत तयार झाला. सहा इंच रुंद, चार इंच उंच चौकोन घ्या. एक-एक इंचाचे सहा उभे पट्टे करा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच. सहाव्या पट्ट्याचे आडवे पाच भाग करायचे. चार भागिले पाच, म्हणजे प्रत्येक भाग ०.८ इंचाचा. वरून खाली तेच रंग त्याच क्रमाने. यातून चौकोन, माप, चिकटवून लावणं, रंग भरणं आणि सगळं एकत्र बांधणं, हे पाच धडे होतात. डोळ्यांच्या अंदाजाने लावू नका, माप आकड्यात लिहा.

दुसरा पाठ अशोकचक्राचा. १९४७ च्या जूनमध्ये राष्ट्रध्वजासाठी जी समिती नेमली तिचे बाबासाहेब सदस्य होते, आणि २२ जुलै १९४७ रोजी चक्राचा ध्वज संविधान सभेने स्वीकारला. चक्राला आरे २४. पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणून दोन आऱ्यांमध्ये १५ अंश. आरा एकच काढायचा. त्याच्या फिरण्याचा मध्य गोलाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा आणि १५ अंशांनी फिरवत २३ प्रती घ्यायच्या. कंपासने कागदावर चोवीस भाग पाडायला लागणारा वेळ ज्याने दिला आहे, त्यालाच या सोयीचं मोल कळतं.

तिसरा पाठ पिंपळाचं पान. इथे बेझिएची कामटी लागते. पान अर्धंच काढा आणि उरलेलं अर्धं आरशासारखं उलटवून घ्या. नवं लेकरू अर्ध्या पानाला तीस बिंदू देतं, आणि कड करवतीसारखी होते. बिंदू फक्त वळण जिथे बदलतं तिथेच द्यायचा. देठाजवळ एक, फुगवट्यावर एक, निमुळतं व्हायला लागतं तिथे एक आणि टोकाला एक. चार बिंदूंत पान बसतं. खरं पान समोर ठेवून काढा, मोबाइलमधलं नको.

हे तीन झाले की चेहऱ्याकडे जावं. पेंटर फोटोवर चौकटी पाडून भिंतीवर मोठं करायचा, ते सर्वांनी पाहिलं आहे. इथेही तीच रीत. खालच्या थरावर फोटो फिका करून ठेवायचा, वरच्या थरावर आपली रेघ ओढायची. थर म्हणजे लेयर, आपला बटर पेपरच समजा. काम झालं की खालचा फोटो काढून टाकायचा. मग समजतं की आपली रेघ किती आणि फोटोची उसनवारी किती.

काही शिक्षक म्हणतात, बघून काढणं म्हणजे नक्कल. माझं मत तसं नाही. अजिंठा आपल्या मराठवाड्यातलाच, आणि त्या काळी आपल्या कंधारसारखाच निजामाच्या राज्यातला. १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई तिथल्या चित्रांच्या नकला करायला आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद असे तरुण चित्रकार होते. लेण्याच्या अंधारात बसून त्यांनी त्या रेघा गिरवल्या. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवायचं काम याच नंदलाल बोसांकडे आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांकडे आलं. त्यांनी तिच्यात बुद्धांच्या जीवनातलाही प्रसंग घेतला. अक्षरं प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. तात्पर्य, आधी गिरवलं म्हणून पुढे स्वतःचं काढता आलं. मात्र गिरवणं वेगळं आणि उतरवून चिकटवणं वेगळं. चिकटवण्यात हात काहीच शिकत नाही.

अजिंठ्याचाच आणखी एक धडा घ्या. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केल्या, त्यांतल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. तुमची फाइल दोन ठिकाणी ठेवा. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर.

आता छपाईच्या तीन गोष्टी, कारण पैसे तिथे वाया जातात.

एक, निळा रंग. पडद्यावर सुंदर निळा दिसतो आणि फ्लेक्स जांभळा होऊन येतो, हे दर जयंतीला घडतं. पडद्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश असतात. छापताना आकाशी, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शाया असतात. निळा करायला आकाशीत किरमिजी मिसळतात, आणि ती बरोबरीने पडली की जांभळा होतो. म्हणून आकाशी १०० ठेवली तर किरमिजी ७० च्या वर जाऊ देऊ नका. शिवाय आधी हातभर तुकडा छापून बघा. प्रत्येक यंत्राची शाई वेगळी बोलते.

दोन, अक्षरं. आपल्या संगणकावरचा मराठी फॉन्ट दुकानातल्या संगणकात नसला की ‘जयंती’चं काहीतरी भलतंच उमटतं. देण्यापूर्वी अक्षरांचं रेघांत रूपांतर करा. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. मूळ फाइल मात्र वेगळी जपा, कारण मग शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

तीन, आकार. मोबाइलवरचा फोटो म्हणजे रंगीत ठिपके. तो दहा बाय वीस फुटांवर ताणला की ठिपके विटांएवढे दिसतात. बेझिएच्या रेघेने काढलेलं चित्र कितीही वाढवलं तरी कड स्वच्छ राहते. म्हणून चिन्ह, ध्वज, अक्षर हे नेहमी रेघेचं असावं.

आता वडीलधाऱ्यांना दोन शब्द. या वयात कुठं शिकायचं, असं म्हणू नका. बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. ज्यांचा हात चाळीस वर्षं ब्रशवर बसला आहे, त्यांना प्रमाण, अक्षराची जाडी, रंगाचा मेळ हे नव्याने शिकायचं नाही. त्यांना फक्त बटणं शिकायची आहेत. बटणं दोन महिन्यांत येतात, नजर यायला वर्षं लागतात.

आणि माता-भगिनींनो, हे काम घरात बसून होतं. मुलगी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा चांगल्या श्रेणीत पास होते, आणि तिची रंगपेटी माळ्यावर जाते. तिला पाट्या रंगवायला शिडीवर चढू दिलं नाही, ते तेव्हा झालं. आता शिडी नाही. सुनेला, लेकीला रोज एक तास मोकळा द्या. लग्नपत्रिका, शाळेचे तक्ते, पुस्तकांची मुखपृष्ठं, एवढं काम गावातच आहे.

शेवटी समितीला माझी विनंती आहे. विहारात एखादा जुना पण चालता संगणक ठेवावा. इंकस्केप आणि क्रिता त्यात घालून घ्यावं. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास. पहिला तास वस्तीतल्या एका जुन्या पेंटरने कागद-पेन्सिलवर घ्यावा, दुसरा तास संगणक येणाऱ्या एका तरुणाने. पेंटरने दुसऱ्या तासाला विद्यार्थी म्हणून बसावं आणि तरुणाने पहिल्या तासाला. येत्या १४ एप्रिलचा फलक या वर्गातल्या लेकरांनी स्वतः काढलेला असावा. त्यात पिंपळाचं पान थोडं वाकडं आलं तरी चालेल. पहिला रविवार मी घ्यायला तयार आहे. कोणाकडे वापरात नसलेला संगणक असेल तर आजच सचिवांकडे नाव द्यावं.