फोन घेण्यापूर्वीं

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानीं पडते. मोबाइल फोनाच्या खरेदींत मात्र पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस तिचा विसर पडतो. फोन हा पोहरा, आणि ज्या कंपनीचें सिमकार्ड त्यांत घालावयाचें तिचा गांवाजवळचा टॉवर हा आड. दुकानांत चर्चा होते ती पोहऱ्याच्या घाटाची व रंगाची. आड भरलेला आहे कीं कोरडा, ही चौकशी फोन घरीं आल्यावर सुरू होते. हा क्रम उलटा केला तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वांचतात.

उदाहरणादाखल वाशीम जिल्हा घ्यावा. अकोला जिल्ह्याचें विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजीं तो अस्तित्वांत आला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें प्राचीन वत्सगुल्म तें हेंच वाशीम. आजही जिल्ह्याची बहुतेक वस्ती खेड्यांत व तांड्यांत आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगा ह्या प्रदेशांतून जातात; दक्षिणेस पैनगंगा वाहते. अशा उंचसखल भूमींत टॉवरच्या लहरी टेकडीच्या आड दुबळ्या होतात. पठारावरील गांवीं फोन खणखणीत चालतो आणि कोसभर अंतरावरच्या खोलगट वस्तींत तोच फोन मुका होतो. हा दोष फोनाचा नव्हे, जमिनीचा आहे.

शहरांत बसून ह्या गोष्टीचें महत्त्व ध्यानांत येत नाहीं. समजा, मानोरा तालुक्यांत वृद्ध आईवडील रहातात आणि मुलगा पुण्यास नोकरीवर आहे. मुलगा मोठ्या प्रेमानें उंची फोन घेतो आणि पुण्यांत उत्तम चालणाऱ्या कंपनीचें सिमकार्ड त्यांत घालून देतो. गांवीं मात्र स्वयंपाकघरांत रेंज नाहीं, माजघरांत नाहीं. अंगणांत उभें राहिलें तर थोडी मिळते. बँकेचा सांकेतिक अंक येतो तो मुदत टळल्यावर. रात्रीं वडिलांच्या छातींत कळ आली तर मुलास कळवावें कसें? पुण्याचा अनुभव पुण्यापुरताच खरा, हें येथें कळून येतें. शिवाय २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. तींत सोयाबीन वा तूर पेरणाऱ्या शेतकऱ्यास शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र फोनानेंच नोंदवावें लागतें. ज्या घरीं शेती आहे तेथें फोन ही चैन उरलेली नाहीं.

तेव्हां पहिलें काम कंपनी ठरविण्याचें. आज जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि सरकारी बीएसएनएल ह्या चार कंपन्यांतून निवड करावयाची असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२४ मध्यें केलेल्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीस आपली सेवा कोठें पोहोंचते त्याचे नकाशे स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते अवश्य पहावेत; पण नकाशा हा आडाखा होय. जाड भिंतींच्या आंत, पत्र्याच्या छपराखालीं काय होईल तें त्यांत दिसत नाहीं. दूरसंचाराच्या व्यवस्थेंत मुंबई हें स्वतंत्र क्षेत्र असून उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरें क्षेत्र होतें. मुंबईंतील कीर्तीवरून वाशीमचा निर्णय करणें म्हणूनच धोक्याचें.

खरी परीक्षा गांवींच करावी. शेजारीपाजारीं, किराणा दुकानीं, आशा सेविकेकडे चौकशी केली म्हणजे कोणत्या कंपनीचा फोन कोठें लागतो हें एका संध्याकाळीं कळतें. पुष्कळ फोनांच्या सेटिंगमध्यें सिमच्या स्थितीखालीं लहरींचें बळ उणे अंकांत दाखविलेलें असतें. उणे ९० च्या आसपास अंक असेल तर चिंता नाहीं. उणे ११० च्या पलीकडे गेला तर संभाषण तुटणार हें धरून चालावें. ही नोंद घराच्या आंत, गोठ्यांत व शेतांत घ्यावी. तसेंच रात्रीं आठनंतर, सर्व गांव फोनावर असतें तेव्हां, पुन्हां घ्यावी. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर किती वेळ टिकतो, हेंही विचारावें. भारनियमनाच्या गांवीं हा प्रश्न फोनाच्या किंमतीहून मोठा आहे.

आड ठरला, आतां पोहरा. लहरींचे प्रकार असतात. ७००, ८५० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात व भिंतींतूनही बऱ्यापैकीं शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी पुष्कळ माहिती वाहतात, पण थोड्याच अंतरांत थकतात. निवडलेली कंपनी ज्या लहरी वापरते त्या फोनास झेलतां आल्या पाहिजेत. बीएसएनएलच्या स्वदेशी ४-जी सेवेचें उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजीं झालें. ती ७०० व २१०० मेगाहर्ट्झवर चालते. ज्या फोनास ७०० झेलतां येत नाहीं त्यास तिचा अर्धाच लाभ. जिओपाशीं जुनी २-जी सेवा मुळींच नाहीं; तेथें संभाषणास ‘व्होल्टे’ची सोय असलेलाच फोन लागतो. परदेशस्थ आप्तांनीं भेट दिलेल्या फोनाबाबत ही खातरजमा विशेषेंकरून करावी. गांवांत ५-जीचा टॉवर नसेल तर त्या अक्षरांसाठीं अधिक पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं. दोन सिमांची सोय मात्र अवश्य असावी. एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर दुसरी कामास येते. जुना फोन घ्यावयाचा असल्यास *#०६# दाबून त्याचा पंधरा अंकी क्रमांक पहावा आणि ‘केवायएम’ ह्या अक्षरांपुढें तो इंग्रजींत लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे कीं काय तें कळतें.

नंतर प्रश्न रिचार्जचा. जुलै २०२४ मध्यें तिन्ही खासगी कंपन्यांनीं दर वाढविले. डिसेंबर २०२४ मध्यें प्राधिकरणानें केवळ संभाषण व संदेश ह्यांपुरतीं पॅकें देण्याचा नियम केला आणि अशा पॅकांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. ज्या वृद्धांस इंटरनेट नको त्यांस तीं सोयीचीं आहेत. पण दुकानदार आपण होऊन तीं सुचवीलच असें नाहीं, विचारून घ्यावीं लागतात. मुदत संपल्यावर दुर्लक्ष करूं नये. नव्वद दिवस न वापरलेला क्रमांक रद्द होऊं शकतो व पुढें परक्याच्या हातीं जातो. बँकेचें खातें व आधार त्याच क्रमांकास जोडलेलें असतें! ही तारीख शहरांतील मुलाबाळांनीं भिंतीवरच्या कालनिर्णयांत लिहून ठेवावी.

निवड चुकली तरी क्रमांक सोडावा लागत नाहीं. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलतां येते. ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द व त्यापुढें आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठविला कीं एक संकेत येतो; तो व ओळखीचा कागद घेऊन नव्या कंपनीच्या दुकानीं जावें. आधींच्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत. मात्र बँकेचा क्रमांक लगेच हलविण्यापेक्षां नव्या कंपनीचें दुसरें सिम घेऊन महिनाभर गांवीं वापरून पहावें, हा शहाणपणाचा मार्ग.

सणावारीं गांवीं जाणाऱ्यांनीं फोनाचा डबा बरोबर नेण्यापूर्वीं एक फेरी रिकाम्या हातानें करावी. आईवडिलांस विचारावें, कोठें बसून बोलणें त्यांस सोयीचें वाटतें. त्याच जागीं प्रत्येक कंपनीची रेंज तपासून अंक कागदावर टिपावे. फोनाची निवड त्या कागदावरून व्हावी.