परत येणाऱ्याला जागा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



परदेशी जाणाऱ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. हार, शाल, फोटो, सगळे यथासांग होते. परत येणाऱ्याला घ्यायला मात्र घरची माणसे तेवढी जातात. आज आम्ही या परत येण्याविषयीच बोलणार आहोत.

बाबासाहेबांचे परदेशगमन आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्यांचे परतणे आपण घाईने सांगतो. १९१३ च्या जूनमध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला : शिष्यवृत्ती घ्यायची आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठ झाले, लंडनचा अभ्यास सुरू झाला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धवट टाकून त्यांना यावे लागले. महायुद्धाचे दिवस. वेगळ्या बोटीने पाठविलेली पुस्तके बोटीबरोबर बुडाली. ऑगस्टमध्ये मुंबई, सप्टेंबरात बडोदे.

विद्यार्थी मित्रहो, येथे नीट लक्ष द्या. नोकरी पक्की होती, हुद्दा होता, पगार होता. नव्हती ती राहायला जागा. अखेर एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव लिहून, रोज दीड रुपयाने ते राहिले. संस्थानाचा बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हे त्यांनी स्वतः लिहिले आहे, आणि परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही सांगितले आहे. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांच्या खोलीपाशी अडला!

पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, १९२० साली पुन्हा लंडन, आणि १९२३ च्या एप्रिलमध्ये बॅरिस्टर होऊन परत. या वेळी कोणाच्या नोकरीचे बंधन नव्हते आणि परळच्या बी. आय. टी. चाळीतली जागा होती. एवढ्या आधारावर त्यांनी वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली.

त्या काळी ‘भारताचा नागरिक’ असे कायद्यात काही नव्हते. राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली. बरीचशी घटना त्यानंतर दोन महिन्यांनी. आज पासपोर्ट दाखविला की विमानतळावर कोणी अडवीत नाही. पण पासपोर्टावर खोली मिळत नाही.

आमचेच सांगतो. आखातात नऊ वर्षे काढून आम्ही कुटुंबासह परत आलो. एका कारखान्याचे नेमणूकपत्र खिशात होते. घर पाहिले, आवडले, अनामत ठरली. मालकाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी ते घर ‘पाहुण्याला दिलेले’ निघाले. असे तीनदा झाले. मुलांच्या शाळेला पत्ता हवा, बँकेला पत्ता हवा. (जाता जाता सांगतो : कायमचे परतल्यावर अनिवासी खाते तसेच चालू ठेवू नये, बँकेला कळवून बदलून घ्यावे. परकीय चलन राखायचे असेल तर आर. एफ. सी. खाते उघडता येते.) दीड महिना आम्ही मेहुण्याच्या एका खोलीत सात माणसे राहिलो. नोकरी सोडून पुन्हा आखातात जावे, असे सौ. दोनदा म्हणाल्या. मंडळाच्या एका सभासदाने आपली रिकामी जागा दिली नसती, तर आज आम्ही या व्यासपीठावर नसतो.

म्हणून एक सूचना मांडतो. आपल्या वाचनालयावरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या आहेत. ती रिकामी करून रंग द्यावा आणि शिकून किंवा नोकरी करून परतणाऱ्या कोणाही कुटुंबाला दोन महिने माफक भाड्याने द्यावी. ज्या सभासदांकडे भाड्याची जागा आहे, त्यांनी मंडळाला पत्ते कळवावेत. खुर्च्या आमच्या घरामागच्या पत्र्याखाली ठेवू. वही बाहेर टेबलावर आहे. पहिले नाव आम्ही लिहिले आहे.

जयभीम.