गच्चीवरचे सोलर आणि 'नॅनो'
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



गच्चीवरचे जुने सोलर बदलण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. आपली तरुण मंडळी म्हणतात, "काका, आता नॅनो येतंय, थोडं थांबा." तेव्हा हे प्रकरण काय आहे, ते आधी पाहू.

तांबे पाण्यापेक्षा शेकडो पटींनी अधिक चांगली उष्णता वाहून नेते. मग धातूचे किंवा त्याच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळले तर? अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेच्या स्टीफन चोई यांनी १९९५ साली अशा मिश्रणाला 'नॅनोफ्लुइड' हे नाव दिले. इराणमधील संशोधकांनी २०१२ मध्ये सपाट सोलर पॅनेलच्या पाण्यात ॲल्युमिनाचे अवघे ०.२ टक्के कण मिसळले आणि कार्यक्षमता २८.३ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले.

आकडा मोह पाडणारा आहे. पण बँकेत आयुष्य गेलेला माणूस व्याजदराबरोबर अटीही वाचतो. हे कण कालांतराने एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. द्रव दाट होतो, पंपाला जोर जास्त लागतो. आणि हे पाणी अंघोळीला चालत नाही बरं का! ते बंद नळ्यांतच फिरवायचे आणि त्याची उष्णता कॉइलमधून आपल्या पाण्याला द्यायची.

आपले दुखणे वेगळेच आहे. शेगाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येते. बोअरचे जड पाणी तापले की नळ्यांत आतून क्षारांचा थर बसतो. तो उष्णता अडवतो, नळीही अरुंद करतो. एकीकडे उष्णता वाढवणारे कण शोधायचे आणि दुसरीकडे ती अडवणारा थर तसाच ठेवायचा, हा हिशेब जुळत नाही.

शिर्डीच्या साई प्रसादालयावर २००९ साली ७३ सौर तबकड्या बसल्या. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक झाला, तोही साध्या पाण्याच्या वाफेवर.

म्हणून माझी सूचना अशी : थांबू नका. कोटेशन मागवताना कॉइलची, म्हणजे हीट एक्स्चेंजरची, बंद रचना मागा. पॅनेलच्या नळ्यांत मऊ पाणी फिरेल, क्षार आत शिरणार नाहीत. कॉइलवर ते बसतीलच. म्हणून तिच्या सफाईची सोय आणि वार्षिक देखभालीचा दर आधीच लेखी घ्या. काचेवरची धूळ मात्र आपणच पुसायची. उद्या नॅनो-द्रव खरोखर स्वस्त आणि टिकाऊ झाला, तर त्यालाही अशीच बंद रचना लागेल.

सभेला या, प्रश्न विचारा आणि मगच हात वर करा.