खडकवासल्याचें पाणी आणि घरची शिल्लक

द्रव्यसंचयाचा विषय निघाला कीं वक्ता उपदेश करूं लागतो आणि श्रोता जांभई देऊं लागतो. म्हणून आज आपण उपदेशाची वाट सोडून पुण्याहून सिंहगडाकडे जाणारी वाट धरूं आणि खडकवासल्याच्या धरणापाशीं थांबूं.

मुठा नदी आषाढ-श्रावणांत दोन्ही थड्या भरून वाहते आणि चैत्र-वैशाखांत तिच्या पात्रांतले खडक उघडे पडतात. पुणेकराला तहान मात्र बाराही महिने लागते. पाणी येण्याचा काळ आणि पाणी लागण्याचा काळ यांची ही चुकामूक ओळखून १८७० च्या दशकांत येथें दगडी धरण बांधलें गेलें. कॅप्टन फाइफ या इंजिनियराच्या नांवावरून त्या तलावाला तेव्हां फाइफचा तलाव म्हणत. मिळकतीचीं वर्षें आणि खर्चाचीं वर्षें यांचीहि अशीच चुकामूक असते. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी हा आपला पावसाळा. त्यापुढें उन्हाळा, आणि आयुर्मान वाढल्यामुळें तो आतां पूर्वीपेक्षां लांबला आहे.

धरण झालें तरी एक प्रश्न उरला होता. भर पुरांत सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई. १९०३ सालीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं आपण योजिलेले स्वयंचलित दरवाजे तेथें बसविले. ठराविक पातळीपर्यंत ते पाणी अडवीत. पूर त्याहून चढला कीं आपोआप उघडत आणि ओसरला कीं आपोआप मिटत. भिंत तीच, नदी तीच, पण साठा वाढला. याच जातीचे दरवाजे पुढें म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरहि बसले.

गृहस्थानें घेण्याजोगें मर्म या 'आपोआप' शब्दांत आहे. महिनाअखेर उरेल तें शिल्लक टाकूं, असें म्हणणाऱ्याच्या घरीं बहुधा कांहींच उरत नाहीं. जो निश्चय दर महिन्यास नव्यानें करावा लागतो तो कधीं तरी मोडतोच. पगार जमा होतांच ठरलेला भाग बँकेनें परस्पर वळता करावा आणि पगारवाढीचा निम्मा हिस्सा त्यांत मिळवावा, अशी लेखी व्यवस्था एकदां केली म्हणजे मनावर पहारा ठेवावा लागत नाहीं.

पुढचें काम काळ करतो. शेकडा ७.२ दरानें चक्रवाढ व्याज मिळालें तर १,००० रुपयांचे दहा वर्षांत सुमारें २,०००, वीस वर्षांत ४,००० आणि तीस वर्षांत ८,००० होतात. म्हणजे पहिल्या वीस वर्षांत मिळालें त्याहून अधिक शेवटच्या दहांत मिळतें. मध्येंच रक्कम मोडणारा मनुष्य पक्वान्न वाढण्यापूर्वींच पंगतींतून उठतो.

तलावाचें पाणी ऊन पितें, तशी शिलकेची किंमत महागाई पिते. म्हणून लौकर लागणारा पैसा सुरक्षित ठेवून उरलेल्यांतील कांहीं भाग शेअरबाजारांत घालावा लागतो, आणि तेथें धीराची परीक्षा होते. २००८ च्या जानेवारींत मुंबईचा सेन्सेक्स २१,००० वर गेला, ऑक्टोबरांत तो ९,००० च्या खालीं आला, आणि २०१० च्या नोव्हेंबरांत पुन्हां २१,००० वर पोंचला. एकेका कंपनीला अशी पुनःप्राप्ति लाभेलच असें नाहीं, म्हणून पैसा पुष्कळ ठिकाणीं विभागलेला हवा. पण घाबरून ऑक्टोबरांत विकणाऱ्यानें आपला तोटा स्वतःच कायम केला.

शेवटीं खडकवासल्याची दुसरी गोष्ट. काम पुरतें होण्याआधींच पाणी साठविलेलें पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, आणि त्याच्या लोंढ्यानें त्याच दिवशीं खडकवासल्याचेंहि धरण फोडून पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडविल्या. ऐंशी वर्षें उभी असलेली भिंत वरच्या अंगाच्या घाईनें गेली. जन्माच्या काटकसरीवर कर्ज काढून सट्टा चढविणारा गृहस्थ हेंच संकट आपल्या घराच्या वर बांधीत असतो. खडकवासल्याचें धरण पुढें पुन्हां उभें राहिलें. शहराला तेवढा अवकाश असतो. मनुष्याला दुसरा पावसाळा मिळत नाहीं.