बेडकाचें हृदय आणि नळाचें पाणी

आजाऱ्याच्या उशाशीं टांगलेल्या बाटलींतून थेंब थेंब पाणी त्याच्या शिरेंत उतरतांना पुष्कळांनीं पाहिलें असेल. घरोघर त्यास 'सलाईन' म्हणतात. त्यांतील एका जातीच्या बाटलीवर 'रिंगर' हें नांव असतें. हें नांव औषधाचें नसून माणसाचें आहे.

डॉक्टर सिडनी रिंगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलांत काम करीत. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढलें तरी योग्य द्रव मिळाल्यास तें बराच काळ धडधडत राहतें. रक्तांतील कोणता घटक हृदयास काय करतो, हें रिंगर तपाशीत होते. मिठाच्या पाण्यावर हृदय ठीक चालतें असें पाहून त्यांनीं १८८२ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. मागाहून त्यांना कळून आलें कीं, तें मिठाचें पाणी ऊर्ध्वपातित शुद्ध पाण्यांत केलेलें नसून लंडनच्या साध्या नळाच्या पाण्यांत केलेलें होतें! त्यांनीं लागलींच शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हां केला. तों हृदयाचे ठोके क्षीण होत होत बंद पडले.

मग नळाच्या पाण्यांत असें काय होतें? होता तो चुना. पाणी तापविण्याच्या भांड्यास जो पांढरा थर बसतो, त्यांतील कॅल्शियम. पण एकटें कॅल्शियम दिलें तर हृदय आकुंचन पावे आणि सैल होण्यास उशीर लावी. जोडीला थोडें पोटॅशियम घालतांच ठोके पुन्हां नियमित पडूं लागले. आपली चूक रिंगर यांनीं १८८३ सालीं स्वतःच छापून जाहीर केली.

आतां याचें कारण पाहूं. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या देहांत सुमारें ३६ लिटर पाणी असतें. त्याचे दोन भाग पेशींच्या आंत व एक भाग बाहेर असतो. आंतल्या पाण्यांत पोटॅशियम अधिक, तर बाहेरच्यांत सोडियम, म्हणजे मिठांतील धातु, अधिक. मज्जातंतूंतून निरोप जातो तेव्हां सोडियम क्षणभर आंत शिरतें व पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडतें. हाच विजेचा तरंग तंतूभर धांवत जातो. हॉजकिन व हक्स्ली यांनीं माकूल नांवाच्या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ सालीं याचें गणित मांडलें. निरोप स्नायूपर्यंत पोंचल्यावर आकुंचनाची आज्ञा प्रत्यक्ष देतें तें कॅल्शियम. हातापायांचे स्नायु तें आपल्याच कोठारांतून काढतात. हृदयास मात्र कांहीं कॅल्शियम प्रत्येक ठोक्याला बाहेरून घ्यावें लागतें. म्हणूनच शुद्ध पाण्यांतील मीठ त्यास पुरलें नाहीं. आणि हें प्रमाण केवढें? रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरांत कॅल्शियम अवघें १० मिलिग्रॅमच्या आसपास असतें!

पटकींत किंवा जुलाबांत हें खारें पाणी देहांतून झपाट्यानें वाहून जातें. मग पोटऱ्यांत गोळे येतात, नाडी क्षीण होते, आणि वेळींच भर न केल्यास प्राण जातो. १९७१ सालीं बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली व शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी रोग्यांना तोंडानेंच पाजविलें. साखरेच्या सोबतीनें आंतडें मीठ शोषून घेतें व मिठामागें पाणी येतें, हें त्याचें मर्म. शंभरांत सुमारें ३० असणारे मृत्यु ४ च्या आंत आले.

घरीं करावयाचें झाल्यास उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मीठ अधिक होतां कामा नये. आणि रोगी निस्तेज दिसल्यास वैद्यास बोलावण्यास विलंब करूं नये.

रिंगर यांनीं नळाच्या पाण्याची ती गोष्ट झांकून ठेविली असती, तर त्यांचा पहिला निबंध निर्दोष दिसला असता. परंतु मग त्या बाटलीवर त्यांचें नांव कदाचित् राहिलें नसतें.