बुधवारची रात्र आणि दादांची उर्दू



साठीच्या दशकातील माझी आवडती गाणी कोणती, असे कुणी विचारले की मला आमची हदगावची ओसरी आठवते. बुधवार, रात्रीचे आठ, शेजाऱ्यांचा रेडिओ आणि सिलोनवरून अमीन सायानींचा आवाज! बिनाका गीतमाला 1952 साली सुरू झाली. त्याच सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीतांच्या बाबतीत हात आखडता घेतला आणि लोक सिलोन लावू लागले. 1957 मध्ये विविध भारती आली, तरी आमचा बुधवार सिलोनचाच राहिला.

आमचे दादा, म्हणजे वडील, निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेले. 1948 नंतर राज्य बदलले, आमची शाळा मराठी झाली. चांगलेच झाले, पण दादांच्या विद्येला घरात कोणी विचारीना. उजवीकडून डावीकडे लिहिलेली त्यांची वही पाहून मी हसत असे.

1963 च्या वार्षिक गीतमालेत ‘ताजमहल’मधले गीत पहिले आले. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत रोशन यांचे, स्वर लता मंगेशकर आणि महंमद रफींचे. मी विचारले, “दादा, वादा म्हणजे काय हो?” दादा म्हणाले, “अरे, अडत्याशी आपण वायदा करतो ना, तोच हा. तिथं पैशाचा, इथं जिवाचा.” त्या दिवशी माझे हसणे थांबले.

1966 साली ‘सूरज’मधले गाणे पहिले आले. हसरत जयपुरींनी त्यात वसंतालाच हाक घातली आहे. दादा म्हणाले, “मोसंबीचा मृग बहार म्हणतात ना, त्यातलाच हा बहार.” म्हणजे बागेतला शब्द गाण्यात होता, अन् आम्हांला पत्ता नव्हता!

तिसरे माझे सर्वांत लाडके, 1967 चे, ‘मिलन’मधले. मुकेश आणि लताबाईंचे. त्यात नावाडी शिकलेल्या मुलीला गाणे शिकवतो आणि तिचा शुद्ध ‘श’ मोडून ‘स’ म्हणायला लावतो. पुढे मी मास्तर झालो, तेव्हा मुलांच्या बोलीवर छडी उगारताना हा नावाडी आडवा येई.

एका बुधवारी ती वही मीच दादांपुढे धरली. हिशेब निघाले, आणि मधेच शेर! दादांनी ते वाचून दाखवले तेव्हा त्यांचा आवाज निराळाच लागला.

सायानी 2024 मध्ये गेले. दादा त्याआधी कितीतरी वर्षे. वही अजून पेटीत आहे. मला ती वाचता येत नाही. मी अर्थ विचारीत राहिलो, अक्षरे शिकून घ्यायची राहून गेली.

गुरुजनहो, मुलांना एवढे जरूर सांगा : आवडत्या गाण्यातला एक शब्द घरी न्या आणि आजोबांना विचारा. सांगणारे आहेत तोवरच विचारा.