मधल्या वेळची तंद्री

परीक्षेच्या दिवसांत बडोद्याच्या कमाटीबागेत, विश्वामित्रीच्या काठी, मांडीवर पुस्तक उघडे टाकून झाडांकडे पाहत बसलेला विद्यार्थी हटकून दृष्टीस पडतो. वडीलधाऱ्यांच्या लेखी तो वेळ वाया घालवीत असतो. पण असा वेळ वाया जातोच असे नाही.

याच शहरातील एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापिलेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रकला व छायाचित्रण यांत हात बसविला, प्रा. गज्जर यांनी प्रयोगशाळेची दारे त्यांना मोकळी करून दिली. पुढे मुद्रणाच्या धंद्यात त्यांचे नाव झाले, परंतु भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीच्या घरातील हा संसारी गृहस्थ रिकामा झाला. त्या सक्तीच्या रिकामपणात, 1911 च्या सुमारास, मुंबईत ते ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहावयास गेले. डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मन मात्र गोकुळात व अयोध्येत हिंडत होते, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. खेळाकडे लक्ष नसणे हा येथे गुणच ठरला! विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये त्यांनी लंडन गाठले, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

त्या खेळाला इतरही प्रेक्षक होते, आणि त्यांतील कित्येकांचे मन भटकलेही असेल. मात्र भिंगे, रसायने, रंग आणि ठसे यांचा वीस वर्षांचा साठा फाळक्यांपाशी होता. भटकणाऱ्या मनाने त्या साठ्यातूनच उचलले.

2012 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगाला लावला. नित्याच्या वस्तूंचे निराळे उपयोग सुचविण्यास सांगून मध्ये 12 मिनिटांचा अवकाश ठेवला. त्यात कोणाला अवघड काम दिले, कोणाला अगदी सोपे, कोणाला नुसती विश्रांती. काहींना तर अवकाशच दिला नाही. सोपे काम करणाऱ्यांचे मन अधिक भटकले आणि त्यांनाच नंतर अधिक सुचले. तेही आधी डोके चालविलेल्या वस्तूंपुरतेच. नव्या वस्तूंच्या बाबतीत काही लाभ दिसला नाही. इतरांनी केलेल्या पुढील प्रयोगांत हा परिणाम नेहमी आढळला नाही, तेव्हा त्याला नियम म्हणण्याची घाई नको. तरी फाळक्यांच्या अनुभवाशी तो जुळतो खरा.

कलाभवनाची वास्तू अजून उभी आहे. 1949 मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्राची विद्याशाखा तेथे चालते. दोन तासिकांमध्ये विद्यार्थी बाहेर येतात, आणि पुष्कळांचा हात प्रथम खिशातील फोनकडे जातो. त्या दहा मिनिटांत डोळे भरतात, मनही भरते. सकाळी न सुटलेले गणित मात्र वर्गातच राहून जाते.